अर्थपत्रकारितेचे स्वरूप : १९९२ च्या रोखे घोटाळ्याच्या संदर्भात

उद्योग व शासकीय धोरण यांचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकाराचे कार्य केवळ बाजारभाव आणि घोषणा कळविण्यापुरते मर्यादित नसते. कागदावरील नोंद आणि वस्तुस्थिती यांतील अंतर शोधणे, हे त्याचे खरे कार्य होय. या दृष्टीने १९९२ चा रोखे घोटाळा अभ्यासनीय ठरतो.

त्या काळी सरकारी रोख्यांच्या नोंदी हाताने ठेवल्या जात. बँका अनेकदा प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ ही पावती देत. अशा पावत्यांच्या आधारे बँकांचा पैसा दलालांमार्फत शेअर बाजारात वळविला गेला. निर्देशांकाची वाढ मात्र उदारीकरणाचे फलित मानली जात होती. २३ एप्रिल १९९२ रोजी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त सुचेता दलाल यांचे वृत्त प्रसिद्ध झाले व स्टेट बँकेच्या व्यवहारांतील तफावत उघड झाली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जानकीरामन समिती नेमली; पुढे संयुक्त संसदीय समितीही स्थापन झाली.

सामान्य ठेवीदाराला बँकेचे व्यवहार तपासता येत नाहीत. त्याच्या वतीने प्रश्न विचारणे, यातच अर्थपत्रकारितेची सामाजिक उपयुक्तता सामावलेली आहे.