वर्गाचे अंतरंग आणि बहिरंग : सदस्यांवरील प्रवेशमर्यादांचा विचार

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड, म्हणजेच वस्तुकेंद्री, प्रोग्रामिंगच्या पाठ्यपुस्तकांत प्रायव्हेट, प्रोटेक्टेड आणि पब्लिक या शब्दांची ओळख प्रारंभीच्या प्रकरणांतच करून दिलेली असते. खासगी सदस्य बाहेरून वापरता येत नाहीत, सार्वजनिक सदस्य सर्वांना वापरता येतात, एवढे सांगून विषय आटोपला जातो. त्यामुळे ही गुप्ततेची काही व्यवस्था असावी, असा ग्रह विद्यार्थ्यांच्या मनात दृढ होतो. वस्तुतः पुढे बदल करण्याचे स्वातंत्र्य आजच राखून ठेवणे, हा या मर्यादांचा मुख्य हेतू होय. प्रस्तुत लेखात याच मुद्द्याचे विवरण करावयाचे आहे.

प्रथम थोडा पूर्वेतिहास पाहू. वर्गाची कल्पना ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगोर यांनी ऑस्लो येथे सिम्युला ६७ या भाषेत मांडली; परंतु त्या भाषेच्या मूळ रूपात सदस्यांवर असे निर्बंध नव्हते. पुढे १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एक महत्त्वाचे प्रतिपादन केले. प्रोग्रामचे विभाग कामाच्या क्रमानुसार पाडू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, त्यांपैकी एकेक निर्णय एकेका विभागाच्या पोटात झाकावा, असे त्यांचे म्हणणे होते. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल प्रयोगशाळेत ज्या कामास आरंभ केला व ज्यातून सी प्लस प्लस ही भाषा निर्माण झाली, त्यात खासगी व सार्वजनिक हा भेद भाषेच्या नियमांतच आला.

एक साधे उदाहरण घेऊ. दिनांक नावाच्या वर्गात दिवस, महिना आणि वर्ष असे तीन चल आहेत. ते सार्वजनिक ठेवले, तर कोणीही त्यांत ३१ फेब्रुवारी भरू शकेल. ते खासगी केले, म्हणजे प्रत्येक बदल वर्गाच्या स्वतःच्या मेथडमधूनच होईल व तेथे तपासणी करता येईल. हा झाला पहिला लाभ. दुसरा लाभ याहून मोठा आहे. उद्या या तीन चलांऐवजी एखाद्या ठरावीक दिवसापासूनची दिनसंख्या साठवावी असे वाटले, तर फक्त वर्गाचे अंतरंग बदलावे लागेल. त्याचा उपयोग करणाऱ्या प्रोग्रामना हात लावावा लागणार नाही.

हे केवळ तात्त्विक नव्हे, याचा पुरावा जावा भाषेत सापडतो. तेथील स्ट्रिंग या वर्गात मजकूर एका खासगी चलात साठविला जाई, आणि प्रत्येक वर्णसंकेतास दोन बाइट लागत. २०१७ साली आलेल्या जावा ९ मध्ये ही रचना बदलली. ज्या मजकुरात केवळ लॅटिन-१ संचातील वर्ण आहेत, त्यास आता प्रत्येक वर्णास एकच बाइट पुरतो. देवनागरी मजकुरास मात्र पूर्वीप्रमाणेच दोन लागतात. जगातील जवळजवळ प्रत्येक जावा प्रोग्राम ज्या वर्गावर विसंबून आहे, त्याचा गाभा असा पालटला, तरी सर्वसामान्य प्रोग्राममध्ये एक ओळही बदलावी लागली नाही. अडचण आली ती आडमार्गाने त्या खासगी चलापर्यंत पोहोचणाऱ्यांना.

याच्या उलट उदाहरणही जावातच आहे. अनसेफ हा वर्ग जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतील निरनिराळ्या पॅकेजांसाठी लिहिलेला होता, आणि त्यांस वापरता यावा म्हणून सार्वजनिक ठेवलेला होता. बाहेरच्यांनी तो वापरू नये, अशी केवळ सूचना होती. वेगाच्या मोहाने अनेक लोकप्रिय लायब्रऱ्यांनी तो वापरला. परिणाम असा झाला की, जावा ९ मध्ये मॉड्यूलची व्यवस्था येऊन ‘सार्वजनिक म्हणजे सर्वांना उपलब्ध’ हे समीकरण मोडले, तरी या वर्गाची वाट खुलीच ठेवणे भाग पडले; आणि त्यातील स्मृतीला थेट हात घालणाऱ्या मेथड पुढे काढून टाकण्यात येतील, असा इशारा थेट कंपायलरकडून मिळू लागला तो २०२४ साली, जावा २३ मध्ये.

प्रोटेक्टेड या मधल्या पायरीविषयी सावध राहावयास हवे. उपवर्ग कोण व किती लिहील यावर मूळ लेखकाचा ताबा नसतो. म्हणून उपवर्गांना खुला केलेला चल व्यवहारतः सार्वजनिकच होतो. सी प्लस प्लसमध्ये ही सोय यावी असा आग्रह मार्क लिंटन यांनी धरला होता. पुढे त्यांनीच आपल्या प्रकल्पात प्रोटेक्टेड चलांना मनाई केली, ही गोष्ट बोलकी आहे.

शेवटी या मर्यादांच्याही मर्यादा ध्यानात घ्याव्यात. सी प्लस प्लस व जावा यांत खासगीपणा वर्गाचा असतो, वस्तूचा नसतो. एका दिनांकाची मेथड दुसऱ्या दिनांकाचे खासगी चल वाचू शकते, आणि तुलनेसाठी ते सोयीचेही असते. स्मॉलटॉकमध्ये वस्तूचे चल त्या वस्तूपुरतेच असतात. पायथॉनमध्ये नावाआधीची अधोरेषा हा केवळ संकेत आहे. सी प्लस प्लसमधील निर्बंध अनवधानापासून रक्षण करतात, लबाडीपासून नव्हे, असे स्ट्राउस्ट्रुप यांनीही स्पष्ट केले आहे. तेव्हा पासवर्ड खासगी चलात ठेवला म्हणून तो सुरक्षित झाला, असे मानू नये. प्रत्येक सदस्य प्रथम खासगी ठेवावा आणि गरज सिद्ध झाल्यावरच खुला करावा. कारण खासगी सदस्य केव्हाही सार्वजनिक करता येतो, पण एकदा सार्वजनिक केलेला सदस्य परत घेताना दुसऱ्यांचे प्रोग्राम मोडतात.