वीज गेली आणि फोन मुका झाला

2012 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. शिरूरला आमच्या मावशींच्या घरी रात्री डॉक्टरांना बोलावायची वेळ आली आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. कॉर्डलेस फोन मुका! शेजाऱ्यांकडे जुना, वायरचा फोन होता. त्यावरून काम झाले. दोन्ही तारा एकाच खांबावरून आलेल्या. मग एक चालतो, दुसरा नाही, असे का?

तांब्याच्या टेलिफोन तारेतून आवाजाबरोबर वीजही येते. एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात आणि त्या तारेवर सुमारे 48 व्होल्ट दाब ठेवतात. साध्या फोनला तेवढी वीज पुरते, म्हणून गावात अंधार असला तरी तो बोलतो. कॉर्डलेसचे तसे नाही. त्याचा बेस म्हणजे एक छोटे रेडिओ केंद्रच; त्याला घरातली वीज अॅडॉप्टरमधून मिळते. हातातल्या संचात बॅटरी असते, पण बेसच बंद पडल्यावर तो बोलणार कोणाशी?

फोन बिघडला की आधी दोष कुठे आहे ते ठरवावे. बेसची वायर काढून त्या जागी साधा फोन लावावा. डायल टोन आला तर लाइन ठीक आहे. मग बेसचा दिवा पाहावा. अॅडॉप्टर बदलायचा झाल्यास व्होल्टेज आणि धन-ऋण टोके जुळलीच पाहिजेत. आता संच बेसपासून हातभर अंतरावर धरून बोलावे. जवळ आवाज स्वच्छ आणि दूर गेल्यावर तुटक, तर अडचण रेडिओलहरींची. कुठेही उभे राहिले तरी काही मिनिटांत संच बंद पडत असेल, तर बॅटरी थकली आहे.

बॅटरी बहुधा निकेल-मेटल हायड्राइडची, प्रत्येक घट 1.2 व्होल्टचा. त्याऐवजी टॉर्चचे साधे सेल मुळीच घालू नयेत. बेस त्यांनाही चार्ज करू पाहतो आणि ते गळतात, क्वचित फुटतातही. नवी बॅटरी घालण्याआधी चार्जिंगच्या पत्र्या खोडरबराने घासून पाहाव्यात. कित्येकदा तेवढ्यानेच भागते.

लहरींकडे वळू. जुने कॉर्डलेस 46 ते 49 मेगाहर्ट्झच्या आसपास चालत. तरंगलांबी सुमारे सहा मीटर. त्यांत सांकेतिक रूपांतर नसल्याने शेजारच्या घरातले बोलणेही कधीकधी ऐकू येई! आताचे डिजिटल संच बहुधा 1880 ते 1900 मेगाहर्ट्झवर चालतात. तरंगलांबी जेमतेम 16 सेंटिमीटर. वाटेत धातू आला की या लहरी परततात. दौंडला आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी बेस धान्याच्या पत्र्याच्या कोठीमागे ठेवला होता. अंगणात गेले की फोन तुटे. बेस खिडकीत नेला आणि तक्रार संपली. वर्गात हा प्रयोग सोपा आहे: संच अॅल्युमिनियमच्या कागदात नीट गुंडाळा आणि त्यावर फोन करा. मग कागदाला थोडी फट ठेवून पुन्हा करा.

मावशींनी त्यानंतर साधा फोनही जोडून घेतला. पण अलीकडे त्यांच्याकडे तांब्याऐवजी फायबर आले आहे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज नाही. त्यामुळे भिंतीवरच्या डबीला घरचीच वीज लागते आणि ती गेली की साधा फोनही गप्प. डबीसाठी छोटा यूपीएस घेता येतो; किती व्होल्टचा घ्यायचा ते तिच्या अॅडॉप्टरवर छापलेले असते.