मातीची ताकद: चाचणीपासून पायापर्यंत

मातीची ताकद हा एकच ठरलेला आकडा नसतो; पाणी निचरायला किती वेळ मिळाला, यावर तो बदलतो. संपृक्त चिकणमातीवर भराव झपाट्याने चढवला की नवा भार आधी छिद्रांतल्या पाण्यावर येतो, कणांची पकड लगेच वाढत नाही. तिथे निचरा रोखून केलेल्या चाचणीचा निकाल धरतात. खोदकामात उलट घडते: भार हटल्यावर माती हळूहळू पाणी शोषून मऊ होते आणि आज उभा असलेला उतार काही वर्षांनी घसरू शकतो. त्यासाठी निचरा गृहीत धरणारे निकालच हवेत.

बाजूंनी आधार न देता दाबलेला चिकणमातीचा नमुना प्रति चौरस मीटर १०० किलोन्यूटनला फुटला, तर कर्तन-ताकद (माती सरकण्याला होणारा विरोध) त्याच्या निम्मी, म्हणजे ५०. पृष्ठभागावरच्या लांब पट्टीपायासाठी तिला ५.१४ ने गुणले की माती ढासळवणारा दाब मिळतो: २५७. सुरक्षा गुणक ३ धरल्यास सुरक्षित दाब सुमारे ८६. खचण्याची तपासणी वेगळी करावीच लागते.

नमुना काढताना हलला, तर मऊ मातीची ताकद कमी दिसते. भेगाळ मातीचा छोटा नमुना मात्र भेगा चुकवून जास्त ताकद दाखवतो. हा धोका अधिक गंभीर, कारण त्यात चूक असुरक्षित बाजूला होते.