जुनी डिझेल पिकअप घरच्या घरी पुन्हा कामास लावताना

शेतातील माल वेळेवर बाजारात पोहोचणे हे पीक चांगले येण्याइतकेच महत्त्वाचे असते. जुन्नर भागातील भाजीपाला माळशेज घाट उतरून कल्याणकडे जातो, नाशिककडील माल कसारा घाटाने वाशीच्या बाजाराकडे जातो, आणि हा प्रवास बहुधा रात्रीचाच असतो. हे काम मोठ्या प्रमाणावर डिझेलच्या पिकअप गाड्या करतात. नवी गाडी घेणे प्रत्येकास परवडत नाही. उलट पुष्कळ वस्त्यांवर एखादी जुनी पिकअप गोठ्याच्या आडोशाला किंवा बाभळीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली दिसते. ती पुन्हा कामास लावावी असे घरातील तरुण मंडळींस वाटले तर त्यात गैर काहीच नाही. १९४६ साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९५१ साली मायको ही कंपनी स्थापन झाली. अशा कारखान्यांच्या मालामुळे पंप, नोझल, रिंग हे शब्द खेडोपाडी रुळले. विहिरीवरचे इंजिन ज्याने स्वतः उघडून बसविले आहे, त्यास पिकअपचे इंजिन परके वाटण्याचे कारण नाही.

अडचण निराळीच आहे. असे काम बहुतेक ठिकाणी चुकीच्या टोकाकडून सुरू होते. प्रथम इंजिन चालू केले जाते, मग रंग दिला जातो, मग जास्त माल बसावा म्हणून पाटे वाढविले जातात आणि ब्रेकचे काम पैसे संपत आल्यावर कसेबसे उरकले जाते. गाडी चालू लागते, परंतु भरल्या वजनाने घाटात थांबेल अशी खात्री नसते. म्हणून येथे कामाचा क्रम मुद्दाम उलटा सांगितला आहे.

हे विवेचन यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांपुरतेच आहे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनांत डिझेलचा दाब हजार वातावरणांच्याही वर असतो. ती घरी उघडू नयेत.

आधी कागद, मग चासी

पाना हाती घेण्यापूर्वी आर. सी. बुक पाहावे. मालवाहू नोंदणीच्या गाडीस पहिली ८ वर्षे दर २ वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी पासिंग करून योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. किती वर्षांचे पासिंग, कर व विमा थकला आहे याचा आकडा प्रथम परिवहन कार्यालयातून काढून आणावा. इंजिनावर व चासीवर ठोकलेले क्रमांक बुकातील क्रमांकांशी जुळतात की नाही हेही पाहावे. ते जुळत नसतील तर पुढील सर्व खर्च पाण्यात जाण्याचा संभव आहे.

नंतर गाडीखाली जावे, पण केवळ जॅकच्या भरवशावर नव्हे. मजबूत स्टँड किंवा आडवे-उभे रचलेले लाकडी ओंडके देऊन, गाडी हलवून पाहून मगच खाली शिरावे. दगड-विटांचा टेकू कधीही देऊ नये. वीट दिसताना भक्कम दिसते व एकाएकी फुटते.

चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या हातोडीने हलकेच ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, गंजाने आतून खाल्लेले बद्द वाजते. पाट्यांच्या टोकांचे हँगर, हौद्याखालील भाग आणि आडव्या पट्ट्यांचे जोड येथे विशेष लक्ष द्यावे. कोकणातील खाऱ्या हवेत राहिलेली आणि रासायनिक खते वाहिलेली गाडी यांची स्थिती साधारण सारखीच असते, कारण सांडलेल्या खतातील क्षार ओल धरून ठेवतात व पत्रा खातात. (गाडी पुन्हा कामास लागल्यावर खताची खेप टाकून आली की हौदा व त्याची खालची बाजू पाण्याने धुण्याचा परिपाठ ठेवावा.) चासी एखाद्या ठिकाणी गंजलेली असेल तर चांगल्या वेल्डरकडून जोडून घेता येते. हँगरच्या आसपास दोन्ही बाजूंस ती खाल्ली गेली असेल, तर मात्र मोह आवरून गाडी मान्यताप्राप्त मोडकेंद्रात द्यावी. २०२१ च्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणानुसार तेथे मिळणारे प्रमाणपत्र नव्या गाडीच्या खरेदीत सवलतीसाठी उपयोगी पडते.

ब्रेक

धावत्या गाडीतील शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेग असला तर ब्रेकला सव्वादोन पट शक्ती जिरवावी लागते, आणि वजन दुप्पट असले तर तिची पुन्हा दुप्पट होते. ही सर्व शक्ती उष्णता होऊन ड्रममध्ये व डिस्कमध्ये जाते.

उभ्या गाडीत प्रथम खराब होते ते ब्रेक ऑईल. हे तेल हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेंटिग्रेडपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. घाट उतरताना ब्रेक तापतात, नळीतील तेलाची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पाय थेट तळाला जातो. सपाट रस्त्यावर उत्तम लागणारा ब्रेक घाटात एकाएकी नाहीसा होतो, त्याचे हे एक प्रमुख कारण होय. त्याच पाण्याने सिलिंडरच्या आतील भिंतींवर गंजाचे खड्डे पडतात व ते रबरी कप कापतात.

यास्तव वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर व चारही चाकांचे सिलिंडर उघडून पाहावेत. आतून गुळगुळीत असतील तर नवे किट टाकावे. खड्डे दिसल्यास सिलिंडरच बदलावा. रबरी नळ्या सर्व नव्या घ्याव्यात, त्यात काटकसर नको. धातूच्या बारीक नळ्या हाताने चाचपडून गंज पाहावा. रबरी भाग डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नयेत, ते फुगतात. ते ब्रेक ऑईलनेच धुवावेत. टाकीत कमी पडले म्हणून इंजिन ऑईल ओतल्याची उदाहरणे खेड्यांत आढळतात. तसे झाले असेल तर सर्व रबर फेकून देण्यावाचून इलाज नाही.

जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो व ते फुप्फुसास घातक आहे. ड्रम उघडल्यावर फुंकर मारू नये किंवा हवेचा झोत सोडू नये. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसावे. ड्रमला आतून खाचा पडल्या असतील तर लेथवर साफ करून घ्यावा; ड्रमवर ठोकलेल्या कमाल व्यासापलीकडे मात्र जाऊ नये. शेवटी हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे बहुधा मागील डाव्या चाकापासून, आरंभ करावा. मागील ॲक्सलजवळ भाराप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची कांडी तारेने बांधून ठेवू नये.

डिझेल गाडीच्या ब्रेकमधील एक गोष्ट पुष्कळ चालकांस ठाऊक नसते. पायाचा जोर वाढविणारा बूस्टर निर्वातावर चालतो. पेट्रोल इंजिनाच्या शोषनळीत असा निर्वात आपोआप उत्पन्न होतो. डिझेल इंजिनात हवेची वाट अडविणारी झडप बहुधा नसते, म्हणून तो उत्पन्न होत नाही. त्याकरिता स्वतंत्र व्हॅक्यूम पंप असतो, आणि कित्येक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला आढळतो. इंजिन बंद झाले की हा पंपही थांबतो. बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोन-तीन वेळा पाय दाबण्यापुरता टिकतो. मग पाय दगडावर ठेवल्यासारखा लागतो. डिझेल वाचविण्यासाठी घाटात इंजिन बंद करून गाडी उताराला सोडण्याची जी खोड काही चालकांस असते, तिचा परिणाम यावरून समजून यावा. ज्या गिअरमध्ये घाट चढता येईल, त्याच गिअरमध्ये तो उतरावा.

बूस्टर तपासण्याची युक्ती सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबावा. नंतर पाय दाबून धरूनच इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर पंप व बूस्टर चांगले समजावेत. न गेल्यास प्रथम व्हॅक्यूमची नळी व तिच्यातील एकमार्गी झडप पाहावी. पुष्कळदा दोष तेथेच असतो.

इंजिन

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण वीस पटीने दाबली जाते, त्यामुळे ती अतिशय तापते व तीत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. दाब राहिला नसेल तर पंपावर व नोझलवर कितीही खर्च करून उपयोग होत नाही. म्हणून नोझल काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजून घ्यावा. गेज मिळेपर्यंत एक अंदाज घरीही घेता येतो: चालत्या इंजिनाचे ऑईल भरण्याचे झाकण उघडले असता भकाभक वाफा येत असतील तर रिंग व लायनर झिजले आहेत असे समजावे.

उभे इंजिन थेट सेल्फने फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑईल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे, आणि मग पान्याने हळूहळू फिरवावे. डिझेलची टाकी उतरवून धुवावी. तळाशी पाणी व त्यावर वाढलेला काळा चिकट गाळ हमखास सापडतो, आणि तो पंपात गेला तर सर्वांत महाग भागच निकामी होतो. फिल्टर नवे घालून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत एअर काढावी.

पहिल्यांदा इंजिन चालू करताना हवेच्या नळीजवळ एक माणूस जाड फळी घेऊन उभा करावा. बऱ्याच वर्षांत न हललेल्या पंपाचा रॅक अडकला तर इंजिन आवरत नाही, वेग वाढतच जातो व चावी फिरवूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड फळीने बंद करणे हा खात्रीचा उपाय आहे. हात मात्र लावू नये.

नोझलचा फवारा पाहताना त्याच्यापुढे बोट धरणे तर त्याहूनही घातक. शंभर वातावरणांहून अधिक दाबाचा हा फवारा कातडी भेदून आत जातो. जखम टाचणीएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास थेट मोठ्या रुग्णालयात जावे व डिझेल आत गेले आहे हे डॉक्टरांस स्पष्ट सांगावे.

धुराच्या रंगावरून पुष्कळ समजते. काळा धूर हवा कमी किंवा डिझेल जास्त असल्याचे दाखवितो. प्रथम एअर फिल्टर पाहावा. निळा धूर ऑईल जळत असल्याचा. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ दिसला तर चिंता नको. गरम झाल्यावरही राहिला तर हीटर प्लग, टायमिंग व हेड गास्केट यांची तपासणी करावी. पंपाचे सील तोडून डिझेलचा स्क्रू वाढविणे हा पळण्याची ताकद वाढविण्याचा प्रचलित मार्ग आहे. त्याने धूर वाढतो व पिस्टन जळतात. पंप चाचणी-यंत्रावरच बसवून घ्यावा.

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालू नये. क्षारांचा थर बसतो व उन्हाळ्यात इंजिन तापते. कूलंट व शुद्ध पाणी डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळून घालावे.

दिवे आणि वाढविलेले पाटे

जुन्या वायरिंगमध्ये दिव्यापर्यंत पूर्ण विद्युतदाब पोहोचत नाही. दाब दहा टक्के घटला तर बल्बचा उजेड सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज व रिले घातला असता बल्ब तोच राहूनही रस्ता स्पष्ट दिसू लागतो. अल्प खर्चात होणारी ही सुधारणा सर्वांत किफायतशीर म्हणावी लागेल. सीट बेल्ट व मागील परावर्तक पट्ट्या याच वेळी नव्या बसवाव्यात.

पाटे वाढविण्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. पाटा वाढविला म्हणजे गाडी खाली बसत नाही, एवढेच होते. ॲक्सल, बेअरिंग, टायर व ब्रेक पूर्वीचेच राहतात. चालकास मात्र गाडी वजन पेलते आहे असा भास होतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ मधील दुरुस्तीनुसार जादा भारास २० हजार रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ अन्वये गाडीच्या मूळ रचनेत नोंदणीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निर्णय दिला आहे. इंजिन बदलावयाचे झाल्यास परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी. तुटलेला पाटा त्याच जाडीचा घालून मूळ संख्या पुरी करण्यास मात्र हरकत नाही.

चाचणी

सर्व काम झाल्यावर रिकामी गाडी प्रथम मोकळ्या माळावर न्यावी. सावकाश वेगात ब्रेक दाबून ती सरळ थांबते की एका बाजूस ओढते हे पाहावे. दहा किलोमीटर फिरवून आल्यावर प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन कोणता जास्त तापला आहे ते बघावे. एकच चाक तापत असेल तर तेथील ब्रेक अडकतो आहे. चाकांचे नट व पाट्यांचे यू बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, कारण नव्याने बसविलेले भाग दबून बोल्ट सैल होतात. त्यानंतर निम्मा भार घालून जवळच्या बाजाराच्या दोन-चार खेपा कराव्यात, ब्रेक ऑईलची पातळी रोज सकाळी पाहावी, आणि ती आठ दिवस स्थिर राहिली म्हणजे गाडी पासिंगला न्यावी.