जुनी जिप्सी : बिघाड कोठे शोधावा?

बंगळुरूहून सकलेशपूर, कोडगू किंवा शिराडी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मारुती जिप्सी आजही दृष्टीस पडते. १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिनासह आलेल्या या वाहनाला १९९६ मध्ये १.३ लिटरचे इंजिन मिळाले. सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्री २०१८-१९ च्या सुमारास थांबली. त्यामुळे आज खरेदी होणारी जिप्सी ही वापरलेलीच असते. खासगी वाहनाला १५ वर्षे झाल्यानंतर तपासणी होऊन नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. अशा वेळी चुकीचा भाग बदलण्यात पैसे जातात आणि मूळ दोष तसाच राहतो.

वळताना गाडी अडखळणे

जिप्सीची चारही चाके कायम इंजिनाला जोडलेली नसतात. गरजेनुसार ती लिव्हरने जोडली जातात. वळणावर पुढील चाके मागील चाकांपेक्षा अधिक अंतर कापतात. हा फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल जिप्सीत नाही. त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘फोर व्हील’ लावून वळल्यास स्टिअरिंग जड होते, धक्के बसतात व लिव्हर अडकतो. हा बिघाड नसून वापरातील चूक आहे. गाडी थोडी सरळ मागे घेतल्यास ताण सुटून लिव्हर मोकळा होतो. ‘फोर व्हील’ फक्त चिखल, वाळू वा निसरड्या वाटेवर वापरावे.

पुढील चाके न ओढणे

ज्या गाड्यांना हाताने फिरवण्याचे हब आहेत, त्यांत दोन्ही हब ‘लॉक’ स्थितीत आहेत का, हे आधी पाहावे. एक जरी मोकळा राहिला, तरी सारी शक्ती त्याच बाजूने वाया जाते.

स्टिअरिंगची थरथर

ठरावीक वेगाला स्टिअरिंग जोराने थरथरू लागणे ही जुन्या जिप्सीची परिचित तक्रार आहे. तपासणी स्वस्त बाबींपासून सुरू करावी : प्रथम टायरमधील हवा व चाकांचे बॅलन्सिंग, नंतर चाकांचे बेअरिंग व टाय रॉडची टोके, शेवटी किंग पिनचे बेअरिंग. केवळ स्टिअरिंग डॅम्पर बदलल्याने थरथर काही काळ दबते, झीज मात्र वाढतच राहते. हा दोष असताना वेगाने वाहन चालवणे धोक्याचे आहे.

इंजिन तापणे, आवाज येणे

शहरातील कोंडीत इंजिन तापत असल्यास कूलंटची पातळी, पंख्याचा पट्टा, थर्मोस्टॅट व रेडिएटर या क्रमाने पाहावे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते. गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज आल्यास प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासून ग्रीस भरून घ्यावे.

पाण्यातून गेल्यानंतर

ओढा ओलांडल्यावर ब्रेक हलके दाबत काही अंतर जावे, म्हणजे ते कोरडे होतात. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस किंवा डिफरन्शियलचे तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे, असे समजून ते त्वरित बदलावे.

पावसाळ्यात घाट उतरण्यापूर्वी ब्रेक आणि स्टिअरिंग यांची तपासणी मात्र कधीही टाळू नये. इंजिन बंद पडले तर प्रवास थांबतो. या दोहोंनी दगा दिला तर जिवावर बेतते.