आवाज कोणाचा आणि बाजू कोणाची?

१८ ऑक्टोबर १९७६ रोजी लंडनमधील आयसीए या कलासंस्थेत एक प्रदर्शन सुरू झाले. नाव होते 'प्रॉस्टिट्यूशन', म्हणजे वेश्याव्यवसाय. प्रदर्शनात अश्लील मासिकांतली चित्रे मांडलेली होती. त्याच संध्याकाळी थ्रॉबिंग ग्रिसल नावाच्या चार जणांच्या बँडने तेथे कान फाटतील असा कार्यक्रम केला. हुजूर पक्षाचे खासदार निकोलस फेअरबर्न प्रचंड संतापले आणि हे लोक संस्कृतीचे विध्वंसक आहेत, असे त्यांनी जाहीर करून टाकले. फेअरबर्न पेशाने वकील. पुढे थॅचरबाईंच्या सरकारात ते स्कॉटलंडचे सॉलिसिटर जनरलही झाले. आमच्या व्यवसायातील एका माणसाने शिवी म्हणून दिलेले ते शब्द या बँडने नंतर पदकासारखे मिरवले!

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅम शहरात दुसरी एक घटना घडली होती. एरिक क्लॅप्टन या नामवंत गिटारवादकाने भर कार्यक्रमात स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली आणि इनॉक पॉवेल या वर्णद्वेषी पुढाऱ्याला पाठिंबा द्या, असे श्रोत्यांना सांगितले. याच क्लॅप्टनने दोन वर्षांपूर्वी बॉब मार्लेचे गाणे गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला होता. काळ्या माणसाचे गाणे चालते, पण काळा माणूस शेजारी चालत नाही! या वक्तव्यावर कोणा खासदाराने संस्कृती बुडाल्याची ओरड केली नाही. ओरड केली ती काही सामान्य कलावंत-कार्यकर्त्यांनी. त्यांनी वृत्तपत्रांना जाहीर पत्र लिहिले आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी या चळवळीचा मोर्चा ट्रॅफल्गार चौकातून निघून लंडनच्या पूर्वेकडील व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला, तेव्हा तेथे जमलेल्यांची संख्या ८० हजारांच्या आसपास होती.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवण्याचे कारण असे. माझ्याकडे ज्युनियर म्हणून काम करणाऱ्या दोन मुलांना हे जुने इंग्रजी संगीत ऐकण्याचा नाद आहे. एकाचे म्हणणे, थ्रॉबिंग ग्रिसलइतका क्रांतिकारक बँड झाला नाही. दुसऱ्याचे म्हणणे, लीड्सच्या गँग ऑफ फोरपुढे ते कोणीच नाहीत. दुपारच्या सुट्टीत सुरू झालेला हा वाद कोर्ट उठेपर्यंत मिटेना, तेव्हा "सर, तुम्हीच निकाल द्या" म्हणून दोघे माझ्याकडे आले. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय निकाल देणे आमच्या रक्तात नाही. म्हणून मी मुकाट्याने कानाला यंत्र लावले. एक महिना डोके दुखले, हे प्रांजळपणे कबूल करतो.

पंक नावाचे तीन सुरांचे, रागीट आणि झटपट संगीत १९७६-७७ मध्ये आले आणि पाहता पाहता बाजाराने ते गिळून टाकले. त्यानंतर ज्यांनी नुसते ओरडण्याऐवजी विचार करायला सुरुवात केली, त्यांच्या संगीताला पुढे पोस्ट-पंक म्हटले गेले. ज्यांनी सूर-ताल बाजूला सारून यंत्रांचा, टेपचा, लोखंडाचा आवाज हेच संगीत मानले, ते इंडस्ट्रियल. हा दुसरा शब्द थ्रॉबिंग ग्रिसलच्याच इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या कंपनीवरून रूढ झाला.

आता पहिल्या पक्षकाराची जमेची बाजू आधी मांडतो, कारण ती मोठी आहे. त्या काळात रेकॉर्ड काढायची तर बड्या कंपनीचे पाय धरावे लागत. थ्रॉबिंग ग्रिसलने स्वतःची कंपनी काढली. हॅकनी भागातील एका जुन्या कारखान्याच्या तळघरात स्टुडिओ थाटला. त्यांच्यापैकी ख्रिस कार्टर याने वाद्यांची यंत्रे स्वतः जोडून तयार केली. गुरूकडे वर्षानुवर्षे शिकलेला नाही त्याला संगीताचा अधिकार नाही, ही समजूत त्यांनी मोडीत काढली. ज्ञानाची मक्तेदारी म्हणजे काय हे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले आहे, त्यांना या कामाचे मोल समजावून सांगायची गरज नाही. जगभरातील शेकडो मुलांनी पुढे घरात बसून स्वतःच्या कॅसेट काढल्या, त्यामागे या बँडचे उदाहरण आहे.

पण याच बँडने आपल्या स्टुडिओला 'डेथ फॅक्टरी', म्हणजे मृत्यूचा कारखाना, असे नाव दिले आणि आपल्या कंपनीचे चिन्ह म्हणून आउश्वित्झ छळछावणीचे छायाचित्र वापरले. समर्थक म्हणतात, समाजाला त्याचा दडपलेला चेहरा दाखवायचा होता. मान्य. पण ज्यांची माणसे त्या भट्टीत जळाली, त्यांना विचारले होते काय? दुसऱ्याच्या वेदनेचे चिन्ह आपल्या रेकॉर्डवर छापणे आणि त्या वेदनेच्या बाजूने उभे राहणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. शिवाय तेव्हा ब्रिटनच्या रस्त्यांवर नॅशनल फ्रंट ही फॅसिस्ट संघटना उघडपणे मोर्चे काढत होती. अशा वेळी खुणा संदिग्ध ठेवणे हा चैनीचा प्रकार ठरतो. मार खाणाऱ्याला संदिग्धता परवडत नाही.

मँचेस्टरचा जॉय डिव्हिजन हा बँडही या दोषातून सुटत नाही. नाझी छावणीतील कुंटणखान्याचे वर्णन असलेल्या एका कादंबरीतून त्यांनी आपले नाव उचलले आणि १९७८ च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डवर हिटलरच्या युवक संघटनेतील ढोल वाजवणारा मुलगा छापला. त्यांचे संगीत मात्र ऐकणाऱ्याला आतून हलवते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांचा गायक इयन कर्टिस याने मे १९८० मध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी आत्महत्या केली. अपस्माराने तो बेजार होता. त्या पोराच्या दुःखाशी माझा वाद नाही.

थ्रॉबिंग ग्रिसलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट २०१७ मध्ये पुढे आली. बँडमधील एकमेव स्त्री कोझी फॅनी टूटी हिने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. माणसावरील नियंत्रणाविरुद्ध आयुष्यभर बोलणाऱ्या जेनेसिस पी-ऑरिज यांनी घरात आपल्यावर कसे नियंत्रण ठेवले, मारहाण कशी केली, हे तिने त्यात लिहिले आहे. पी-ऑरिज यांनी आरोप नाकारले आणि २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. निकाल कोणत्याही न्यायालयाने दिलेला नाही, मीही देणार नाही. पण चळवळीत उमेदीची वर्षे घालवलेल्या बायांशी बोललो की अशी पुस्तके ओळखीची वाटतात, एवढे म्हणतो.

दुसरा पक्षकार गँग ऑफ फोर. लीड्स विद्यापीठाच्या कला विभागाभोवती जमलेली ही मुले. त्यांची १९७९ ची 'एंटरटेनमेंट!' ही रेकॉर्ड हातात घ्या. मुखपृष्ठावर एक गोरा काउबॉय आणि एक मूळनिवासी इंडियन हस्तांदोलन करीत आहेत. तेच चित्र तीनदा. सोबतच्या मजकुराचा आशय असा की, इंडियनला वाटते हा आपला मित्र आहे, आणि काउबॉय हसतो आहे, कारण आता याला लुबाडता येईल. समरसतेच्या नावाखाली पुढे केलेला हात ज्याने एकदा धरून पाहिला आहे, त्याला हे चित्र कळायला इंग्रजी यायला नको. प्रेम, सुट्टी, घर, टीव्हीवरच्या बातम्या या रोजच्या गोष्टींत बाजार आणि सत्ता कशी शिरते, हाच त्यांच्या गाण्यांचा विषय. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या लोकप्रिय कार्यक्रमात गाण्यातील निरोधविषयक एक शब्द बदला असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी एक शब्द बदलून दिला. तोही पुरेसा सपक नाही म्हटल्यावर ते चालते झाले. प्रसिद्धीवर लाथ मारणारे असे कितीसे असतात?

मात्र हेही चोख नाहीत. बाजारावर टीका करणाऱ्या या बँडने करार केला तो ईएमआयशी, आणि ही कंपनी लष्करी इलेक्ट्रॉनिक सामग्रीही बनवत होती. पुढे तर त्यांचे एक गाणे मायक्रोसॉफ्टच्या खेळाच्या यंत्राच्या जाहिरातीत वाजले. माझ्या दुसऱ्या ज्युनियरचा चेहरा हे ऐकून पडला, तो पडू दिला.

शेफील्डच्या कॅबरे व्होल्तेरविषयी थोडक्यात. पोलादाच्या गावातली ही तीन मुले १९७३ पासून टेपचे तुकडे कापत-जोडत होती. रेडिओ-टीव्हीवरचे आवाज, अमेरिकी धर्मप्रचारकांची पैसे मागणारी भाषणे उचलून ते तालावर बसवत. स्वतः काही न बोलता सत्तेचाच आवाज सत्तेच्या तोंडावर फेकण्याची ही युक्ती चांगली आहे. त्यातला ख्रिस वॉटसन नंतर पशुपक्ष्यांचे आवाज टिपणारा जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रक झाला.

आता ज्याचे नाव दोन्ही मुलांनी घेतले नाही, तो साक्षीदार बोलावतो. या गोऱ्या मुलांच्या संगीतातला तो खोल, घुमणारा बेस आला कोठून? मध्येच वाद्ये काढून घेऊन मोकळी जागा ऐकवण्याची रीत कोणाची? ती जमैकाच्या डबची. कॅरिबियन बेटांवरून मजुरीसाठी आलेल्या लोकांच्या वस्त्यांत ती ध्वनिक्षेपकांवरून घुमत होती. बार्बाडोसमध्ये जन्मलेला डेनिस बोव्हेल याने १९७९ मध्ये द पॉप ग्रुप आणि द स्लिट्स या दोन बँडच्या पहिल्या रेकॉर्ड घडवल्या. त्याआधी लंडनमधील एका क्लबवर पोलिसांचा छापा पडला, त्या प्रकरणात बोव्हेलला तुरुंगात जावे लागले होते. सुटला तो अपिलात. त्याचे नाव रेकॉर्डच्या पाठीमागे बारीक अक्षरात, आणि पुस्तके लिहिली गेली ती पुढे उभे राहिलेल्यांवर. असो.

कृतीच्या कसोटीवर माझ्या मते सर्वात पुढे जातो तो टेस्ट डिपार्टमेंट. दक्षिण लंडनमधील न्यू क्रॉसच्या या पोरांनी १९८१ मध्ये भंगारातले लोखंड, पिंपे, स्प्रिंगा गोळा करून वाजवायला सुरुवात केली. बर्लिनचे आइन्स्ट्युर्झेंडे नॉयबाउटेन हेही लोखंडच वाजवत. जानेवारी १९८४ मध्ये त्याच आयसीएच्या मंचावर ड्रिल मशीन चालवून त्यांनी मोठी खळबळ उडवली. पण दोन महिन्यांनी ब्रिटनच्या कोळसा खाणींत संप सुरू झाला, तेव्हा टेस्ट डिपार्टमेंट संपकऱ्यांच्या मदतीसाठी गावोगाव कार्यक्रम करीत फिरले आणि दक्षिण वेल्समधील संपकरी खाण कामगारांच्या गायनमंडळासोबत त्यांनी 'शोल्डर टू शोल्डर' ही रेकॉर्ड काढली. एका बाजूला लोखंडाचा दणदणाट, दुसऱ्या बाजूला कामगारांचे धीरगंभीर समूहगान. संप वर्षभर चालला आणि मार्च १९८५ मध्ये मोडला. खाणी बंद झाल्या. रेकॉर्ड राहिली. ती ऐकताना मला डोकेदुखी झाली नाही.

मुलांना मी क्रम सांगितला: विचारात गँग ऑफ फोर, साधने हस्तगत करण्यात थ्रॉबिंग ग्रिसल, माणसांबरोबर उभे राहण्यात टेस्ट डिपार्टमेंट. दोघेही नाराज झाले, म्हणजे निकाल बरा असावा. मग त्यांना आणखी एक नाव ऐकायला दिले. ओ पेअर्स. क्लॅप्टनने जेथे गरळ ओकली त्याच बर्मिंगहॅमचा हा बँड, दोन स्त्रिया आणि दोन पुरुषांचा. त्यांच्या १९८१ च्या रेकॉर्डमध्ये उत्तर आयर्लंडच्या आर्मा तुरुंगातील स्त्री कैद्यांच्या छळावर एक गाणे आहे. गाणारी लेस्ली वूड्स. बँड १९८३ च्या सुमारास मोडला. वूड्स कायदा शिकली, बॅरिस्टर झाली आणि स्थलांतरितांचे खटले लढवू लागली.