डोक्यातील गजकर्ण (कुस्ती व ज्युदोपटूंमधील)

डोक्यातील गजकर्ण हा डोक्याच्या त्वचेला व केसांना होणारा बुरशीजन्य संसर्ग आहे. कुस्ती, ज्युदो यांसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत तो प्रामुख्याने ट्रायकोफायटन टॉन्सुरन्स या बुरशीमुळे होतो. अनेक बाधितांत कोणतेही लक्षण दिसत नाही. असे खेळाडू नकळत संपूर्ण संघात संसर्ग पसरवू शकतात.

प्रसार

ही बुरशी मुख्यतः माणसाकडून माणसाकडे पसरते. पकडीत डोके, मान, चेहरा व दंड प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर घासले जातात. घामाने ओलसर झालेल्या व खरचटलेल्या त्वचेत बुरशीचा शिरकाव सहज होतो. गादीवर पडलेले केस व त्वचेचे पापुद्रे, तसेच सामायिक टॉवेल व कंगवे यांतूनही संसर्ग होतो. जपानमध्ये २००१ च्या सुमारास शाळा व विद्यापीठांच्या ज्युदो व कुस्ती संघांत याची साथ पसरली.

लक्षणे

सुरुवातीस कोंड्यासारखे पापुद्रे व खाज आढळते. त्यामुळे तो साधा कोंडा समजला जातो. बुरशी केसाच्या आत वाढत असल्याने केस त्वचेलगत तुटतात व तेथे काळे ठिपके दिसतात. काही रुग्णांत सुजलेली, पू असलेली वेदनादायक गाठ तयार होते. तिला केरिऑन म्हणतात. उपचारास विलंब झाल्यास तेथील केस कायमचे जाऊ शकतात.

निदान

वुडच्या दिव्याखाली ही बुरशी चमकत नाही. त्यामुळे तुटलेले केस व पापुद्रे यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि बुरशीसंवर्धन करावे लागते. लक्षणे नसलेले वाहक शोधण्यासाठी जपानमध्ये केसांचा ब्रश वापरतात. तो डोक्यावर घासून संवर्धन माध्यमावर दाबतात व उगवलेल्या वसाहती मोजतात.

उपचार व प्रतिबंध

बुरशी केसाच्या आत असल्याने केवळ मलम पुरेसे ठरत नाही. वैद्यकीय सल्ल्याने टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल किंवा ग्रिसिओफुल्विन ही औषधे काही आठवडे पोटात घ्यावी लागतात. बुरशीनाशक शाम्पूमुळे प्रसार कमी होतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत डोक्याचा संसर्ग झालेल्या खेळाडूस किमान १४ दिवस पोटातून औषध घेतल्याशिवाय खेळता येत नाही.

सरावानंतर लगेच डोके धुणे, गाद्या स्वच्छ करणे व टॉवेल वेगळे ठेवणे उपयुक्त असते. मात्र एकाच खेळाडूवर उपचार करून साथ थांबत नाही. संघातून वगळले जाण्याच्या भीतीने आजार लपवला गेल्यास किंवा वाहक तपासणीतून सुटल्यास बरे झालेल्यांनाही पुन्हा संसर्ग होतो. म्हणून संपूर्ण संघाची एकाच वेळी तपासणी करणे आवश्यक ठरते.